हार्ड डिस्कचें दुखणें आणि त्याचें निदान

काळाचौकीच्या एखाद्या चाळींतील दोन खोल्यांचें बिऱ्हाड असो, किंवा अभ्युदयनगरच्या वसाहतींतील लहानसा ब्लॉक असो, तेथें आतां कपाट आणि देव्हारा यांच्या जोडीनें संगणकालाहि एक कोपरा मिळालेला असतो. पूर्वीं घरांतील जपून ठेवण्याच्या वस्तु पत्र्याच्या ट्रंकेंत असत. आज त्यांतील पुष्कळशा या लहानशा पेटींत येऊन राहिल्या आहेत. लग्नामुंजीचीं छायाचित्रें, मुलांच्या गुणपत्रिका, आजीच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण, भाड्याच्या पावत्या, असा निम्मा संसारच तेथें सांठविलेला असतो.

गिरणगांवांतील कित्येक घरांत त्यांत आणखी एका गोष्टीची भर असते. ती म्हणजे गिरणीच्या नोकरीचे जुने कागद. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर या भागांतील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुढें गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठीं घरें बांधण्याची योजना आली आणि म्हाडानें २०१२ पासून त्या घरांच्या सोडती काढल्या. अशा घरावर हक्क सांगण्यासाठीं १ जानेवारी १९८२ रोजीं किंवा त्यानंतर आपण गिरणींत कामाला होतों, हें कामगाराला अगर त्याच्या वारसाला दाखवावें लागतें. तिकीट क्रमांक, लाल पास, पगाराची पावती, हजेरीपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक हे त्याचे पुरावे होत. मुंबईच्या दमट हवेंत असे कागद पिवळे पडतात, घडीवर फाटतात, कसर त्यांना खाते. म्हणून घरांतील एखाद्या शहाण्या नातीनें ते वेळींच स्कॅन करून संगणकांत ठेवलेले असतात, आणि ‘आतां काळजी नाहीं’ असें सर्वांनीं मानलेलें असतें.

अशा घरीं एके दिवशीं संध्याकाळीं संगणक सुरू केला असतां तो एका मिनिटाऐवजीं दहा मिनिटें घेतो. छायाचित्रांची फाइल उघडावयास गेलें तर पडद्यावरील चक्र फिरतच राहतें. मध्येंच पेटींतून ‘टक् टक्’ असा बारीक आवाज येतो. मग घरांतील मंडळी काय करतात? संगणक बंद करून पुन्हां सुरू करतात. तेवढ्यानें भागलें नाहीं तर आणखी दोनदां करतात. शेजारचा एखादा उत्साही तरुण येऊन ‘सगळें पुसून नव्यानें घाला’ असा सल्ला देतो. हेतु सर्वांचा चांगला असतो. पण तापानें फणफणलेल्या माणसाला तालमींत उतरवावें, त्यांतलाच हा प्रकार होय.

येथें एक गोष्ट प्रथमच ध्यानांत घेतली पाहिजे. हार्ड डिस्क ही बाजारांत मिळणारी वस्तु आहे. लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत ती कांहीं हजार रुपयांत नवी मिळते. तिच्यावर लिहिलेल्या ओव्या आणि लाल पास मात्र कोणत्याहि दुकानांत मिळत नाहींत. यास्तव हार्ड डिस्कच्या दुखण्याचें निदान करावयाचें तें डिस्क बरी करण्यासाठीं नव्हे. ती बहुधा बरी होत नाहीं. तिच्यावरील ठेव बाहेर काढण्यास किती अवधि उरला आहे, एवढें जाणून घेण्यासाठींच तें करावयाचें असतें.

निदानाकडे वळण्यापूर्वीं या यंत्राची रचना थोडी समजून घेतलेली बरी. ज्यांनीं ग्रामोफोन पाहिला आहे त्यांना ती कठीण वाटणार नाहीं. हार्ड डिस्कच्या बंद डबींत कांचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या एका दांड्यावर बसविलेल्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. एका हलत्या भुजेच्या टोकाशीं लहानसें शीर्ष असतें. तें तबकडीवरील सूक्ष्म ठिपक्यांना सुलट किंवा उलट दिशेचें चुंबकत्व देतें; हेंच लिहिणें. पुढें तीच दिशा तें ओळखतें, हेंच वाचणें. अक्षर असो, सूर असो, कीं छायाचित्रांतील रंग असो, सारें अखेर या दोन दिशांच्या रांगांत उतरलेलें असतें.

परंतु ग्रामोफोनशीं असलेलें साम्य येथेंच संपतें. ग्रामोफोनची सुई तबकडीला घांसून चालते. हार्ड डिस्कचें शीर्ष मात्र फिरत्या तबकडीला शिवतां कामा नये. घरगुती संगणकांतील तबकडी सामान्यतः मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. साडेतीन इंची जातीच्या डिस्कमध्यें ७२०० फेऱ्यांच्या गतीला तबकडीची कड ताशीं सुमारें सवाशे किलोमीटर वेगानें धांवत असते. म्हणजे कॉटनग्रीन स्टेशनांतून जाणाऱ्या लोकल गाडीपेक्षांहि अधिक वेगानें. या वेगामुळें तबकडीलगत हवेची जी पातळ गादी तयार होते, तिच्यावर शीर्ष तरंगत असतें. दोहोंमधील अंतर अवघे कांहीं नॅनोमीटर असतें, आणि माणसाचा केस पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाडीचा असतो. धुराचा एक कणहि त्या फटीपुढें डोंगराएवढा ठरतो. एवढ्या नाजुक व्यवस्थेंतलें यंत्र वर्षानुवर्षें बिनबोभाट चालतें, हेंच खरोखर आश्चर्य आहे.

अशा प्रकारचें पहिलें यंत्र अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं बाहेर आणलें. त्यांत दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि कपाटाएवढ्या त्या यंत्रांत सुमारें पन्नास लाख अक्षरें मावत. आज मोबाईलवर काढलेलें एकच छायाचित्र कित्येकदां तेवढी जागा घेतें. ठिपके जसजसे बारीक होत गेले, तसतसें शीर्ष तबकडीच्या अधिकाधिक जवळ आणावें लागलें आणि यंत्राचा नाजुकपणा वाढत गेला.

या यंत्राची आणखी एक खोड आहे. तें आपलें दुखणें लपवितें. कारखान्यांतून निघतांनाच प्रत्येक डिस्कवर कांहीं जागा राखीव ठेवलेली असते. एखादा भाग लिहिण्याजोगा राहिला नाहीं असें दिसलें, कीं डिस्क मुकाट्यानें तो टाकून देते आणि त्याच्या जागीं राखीव भाग वापरूं लागते. मालकाला याचा पत्ताहि लागत नाहीं. घरांतील कर्ता माणूस पोटांतलें दुखणें अंगावर काढून कामावर जात राहतो, तसेंच हें आहे. म्हणून बाहेर लक्षणें दिसूं लागतात, तेव्हां रोग पुष्कळदां नवा नसतो.

हीं बाह्य लक्षणें मुख्यतः तीन. पहिलें लक्षण मंदपणा. एखादा भाग पहिल्या खेपेस वाचतां आला नाहीं, तर डिस्क तो पुन्हां पुन्हां वाचून पाहते, आणि तोंपर्यंत सारा संगणक तिची वाट पाहत थांबतो. हा मंदपणा सरसकट नसून विशिष्ट फाइल उघडतांना येत असेल, तर संशय अधिक बळावतो. दुसरें लक्षण फाइलींचा बिघाड. काल दिसणारें छायाचित्र आज अर्धें करडें दिसतें, फोल्डर उघडत नाहीं, किंवा नक्कल करतांना मध्येंच ‘वाचतां येत नाहीं’ अशी सूचना येते. तिसरें लक्षण आवाज. गिरणींतील जुने कारागीर साच्याच्या आवाजावरून त्याचें दुखणें ओळखीत असत. तोच कान येथें उपयोगी पडतो. निरोगी डिस्कचा आवाज एकसारख्या मंद गुणगुणण्याचा असतो, आणि काम चालू असतां त्यांत बारीक कुरकुर मिसळते. ठराविक अंतरानें ‘टक्, टक्’ होऊं लागलें, तर शीर्षाला आपली जागा सांपडत नसून तें वारंवार मुक्कामाला परत जात आहे असें समजावें. खरखर ऐकूं आली, तर शीर्ष तबकडीला घांसत असल्याची भीति असते. फिरण्याचा प्रयत्न होऊन गति येतच नसेल, तर फिरविणारी मोटर अडली आहे, किंवा शीर्ष तबकडीला चिकटून बसलें आहे.

तथापि प्रत्येक खोकला क्षयाचा नसतो. संगणक मंद होण्यास अपुरी स्मृति, घुसखोर प्रोग्रॅम, पंख्यांत सांचलेली धूळ अशीं दुसरींहि कारणें असतात. डिस्क आणि मुख्य फलक यांना जोडणारी केबल सैल झाली, किंवा खाऱ्या दमट हवेनें तिचीं टोकें गंजलीं, तरी फाइली वाचतांना अडथळे येतात. शिवडीची खाडी काळाचौकीपासून फार दूर नाहीं. पावसाळ्यांत तर ही शक्यता मुळींच विसरूं नये. विजेचा प्रकारहि असाच. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबईची वीज एकाएकीं गेली, तशी ती गेली असतां चालू लिखाण अर्धवट राहून फाइल बिघडूं शकते. परंतु तेवढ्यावरून डिस्क आजारी ठरत नाहीं. मग खरें काय तें कसें ओळखावें?

यासाठीं डिस्क स्वतःच एक रोजनिशी ठेवीत असते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत डिस्क बनविणाऱ्या कंपन्यांनीं ही सोय केली, आणि तिला ‘स्मार्ट’ असें नांव मिळालें. डिस्क किती तास चालली, तिचें तपमान काय, किती भाग बाद झाले, अशा अनेक गोष्टी तींत क्रमांकवार नोंदलेल्या असतात. ही रोजनिशी वाचण्यासाठीं विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. ‘स्मार्टमॉनटूल्स’ हा संच विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालतो. पडद्यावर अनेक ओळी आल्या म्हणून गोंधळून जाऊं नये. घरच्या माणसानें चार ओळी पाहिल्या म्हणजे पुरे.

क्रमांक ५ ची ओळ बाद होऊन बदललेल्या भागांची. क्रमांक १९७ ची ओळ प्रलंबित भागांची. म्हणजे जे वाचतां येत नाहींत, पण ज्यांचा निकाल अद्याप लागलेला नाहीं अशांची. क्रमांक १९८ ची ओळ डिस्कच्या स्वतःच्या तपासणींत अखेरपर्यंत न वाचतां आलेल्या भागांची. या तिन्ही ओळींत शून्य असावें. क्रमांक १९९ ची ओळ निराळी आहे. ती वाटेंत झालेल्या चुका मोजते. पहिल्या तीन ओळींत शून्य असून केवळ हाच आकडा वाढत असेल, तर दोष तबकडीपेक्षां केबलचा असण्याचा संभव अधिक, आणि थोड्या रुपयांची नवी केबल घालून काम भागण्यासारखें असतें. बहुतेक कंपन्यांच्या डिस्कना हे क्रमांक लागू पडतात. वाचतांना मूळ आकड्याचा स्तंभ पाहावा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्यें हा स्तंभ सामान्यतः सोळाच्या पटीनें मोजण्याच्या पद्धतींत असतो. तेथें शेवटीं ‘१०’ दिसले तर ते सोळा समजावे.

एकाच आकड्यापेक्षां त्याची चाल अधिक बोलकी असते. बाद भागांचा आकडा आठ आहे आणि वर्षभर आठच राहिला आहे, अशी डिस्क कांहीं काळ चालूंहि शकते. परंतु परवां शून्य, काल आठ, आज चाळीस, असा प्रकार असेल तर अवधि थोडा आहे. यासाठीं आकडे तारखेसह कागदावर लिहून ठेवावे. तापाचा तक्ता ठेवतात तसा.

मात्र या रोजनिशीवर आंधळा विश्वासहि ठेवूं नये. गूगल कंपनीच्या संशोधकांनीं आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. पृष्ठभागाच्या तपासणींत पहिली चूक आढळल्यानंतरच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याचा संभव, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या मानानें ३९ पट होता. हा झाला एक भाग. दुसरा भाग असा, कीं बंद पडलेल्या डिस्कपैकीं शेंकडा ३६ हून अधिक डिस्कनीं या रोजनिशींत चुकीची कोणतीहि पूर्वसूचना दिलेली नव्हती. म्हणजे रोजनिशींत दोष दिसला तर तो खरा मानावा. पण दोष दिसला नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये. ‘प्रकृति ठीक’ असा हिरवा शेरा दिसत असतां पेटींतून टक् टक् येत असेल, तर विश्वास कानावर ठेवावा.

आतां उपचारांचा क्रम. बहुतेक घरांतून चूक होते ती येथेंच. आजाराचा संशय येतांच लोक तपासण्या करीत सुटतात. संपूर्ण डिस्कची दीर्घ तपासणी कित्येक तास चालते, आणि त्या तासांत दुबळें शीर्ष तबकडीच्या कानाकोपऱ्यावरून फिरविलें जातें. दुरुस्तीचे प्रोग्रॅम त्याहून घातक. विंडोजमधील ‘चेकडिस्क’ दुरुस्तीच्या आज्ञेनें चालविल्यास तें डिस्कवर नव्यानें लिहितें, आणि अर्धवट वांचलेल्या फाइलींच्या खुणा त्यांत पुसल्या जाऊं शकतात. म्हणून नियम असा, कीं आधीं नक्कल, मग तपासणी. संगणक सुरू होत असेल व फाइली दिसत असतील, तर त्याच मिनिटाला दुसरी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडून नक्कल सुरू करावी. त्यांतहि क्रम लावावा. जें पुन्हां मिळणार नाहीं तें प्रथम, आणि त्यांत जें आकारानें लहान तें सर्वांच्या आधीं. लाल पासाचें स्कॅन काढण्यास कांहीं सेकंद पुरतात. लग्नाच्या चित्रफितीला तास लागतो. तो तास मिळेलच असें नाहीं. सिनेमे आणि गाणीं तर सोडूनच द्यावीं. तीं अन्यत्र मिळतात.

नक्कल मध्येंच अडूं लागली, तर त्याच फाइलीशीं झटत बसूं नये. तिला वगळून पुढें जावें. संबंध डिस्कचीच नक्कल करावयाची झाल्यास लिनक्सवर चालणारा ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्रॅम जाणकाराकडून वापरून घ्यावा. तो सोपे भाग आधीं उचलतो, अवघड भागांचा नकाशा ठेवतो, आणि शेवटीं त्यांच्याकडे वळतो. परंतु डिस्क टक् टक् करीत असेल, खरखरत असेल, किंवा संगणकाला तिची ओळखच पटत नसेल, तर घरगुती उपाय तेथेंच थांबवावे आणि वीज बंद करावी. फिरत राहिलेली प्रत्येक फेरी तबकडीवरील थर खरवडीत असण्याचा संभव असतो. अशा डिस्कमधून मजकूर काढून देणारे तज्ज्ञ असतात. ते तिला निर्धूळ खोलींत उघडून नवीं शीर्षें बसवितात. हें काम खर्चाचें आहे आणि यशाची खात्रीहि नसते. पण जितक्या लवकर वीज बंद केली असेल तितकी आशा अधिक. डिस्क घरीं स्क्रू काढून उघडणें म्हणजे हवेंतील धूळ तिच्यावर शिंपडणें होय. डिस्क बर्फाच्या कपाटांत ठेवण्याचा एक उपाय तोंडोतोंडीं सांगितला जातो. मुंबईच्या दमट हवेंत बाहेर काढतांच तिच्यावर दंव धरतें, म्हणून तोहि टाळावा.

नक्कल सुखरूप हातीं आल्यावर मग खुशाल दीर्घ तपासणी करावी, केबल बदलून पाहावी, आकडे पडताळावे. दोष केबलचा निघाला तर उत्तमच; नक्कल करण्यांत कांहीं वायां गेलें असें होत नाहीं. दोष डिस्कचा निघाला तर तिला निवृत्त करावें. ‘चालते आहे तोंवर चालूं द्या’ म्हणून तिच्यावर पुन्हां घरचे कागद ठेवूं नयेत.

नव्या संगणकांत फिरत्या तबकडीच्या जागीं पुष्कळदां एसएसडी असते. तिच्यांत हलणारा भाग नसल्यामुळें धक्क्याचें भय कमी आणि गति पुष्कळ. परंतु ती टक् टक् करून सूचनाहि देत नाहीं. ती कित्येकदां एकाएकीं मुकी होते. तिच्या रोजनिशींत आयुष्य शेंकडा किती वापरलें गेलें याची नोंद असते, ती मधून मधून पाहावी. तिच्यावर नक्कल ठेवून ती विजेवांचून वर्षानुवर्षें कपाटांत टाकून देणें मात्र इष्ट नाहीं. विद्युद्भार हळूहळू ओसरून मजकूर बिघडण्याचा संभव असतो.

या सर्वांतून निघणारा धडा साधा आहे. निदान कितीहि चांगलें असलें तरी तें नकलेची जागा घेऊं शकत नाहीं. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं रूढ केलेला तीन, दोन, एक असा एक नियम आहे. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. काळाचौकीच्या घरांना हा तिसरा भाग अवघड नाहीं. येथील कित्येक कुटुंबांचें मूळ घर कोंकणांत आहे, आणि गणपतीला गांवीं जाणें चुकत नाहीं. जातांना सामानांत एक लहानशी डिस्क टाकावी, गांवच्या कपाटांतली जुनी डिस्क परत आणावी, आणि पुढल्या वर्षीं पुन्हां अदलाबदल करावी. एका घरांत पाणी शिरलें किंवा आग लागली, तरी दुसऱ्या घरीं ठेव शाबूत राहते.

आरंभीं वर्णिलेल्या त्या घरांतील नात शहाणी असेल, तर पहिली टक् टक् ऐकतांच ती संगणक पुन्हां पुन्हां बंद व सुरू करणार नाहीं. आजोबांचा लाल पास, हजेरीपत्रक आणि आजीच्या ओव्या एवढ्याच फाइली ती प्रथम पेन ड्राइव्हवर उतरवून घेईल आणि नंतर संगणक बंद करील. तेवढ्याला पांच मिनिटें लागतात. डिस्क कशानें बिघडली याचा विचार मग दुसऱ्या दिवशीं सावकाश करतां येईल.